वाचकांचे प्रश्न : दुधाचा दात पडेना, मग तारा कशा लावायच्या?

गेल्या अंकात मुलांना तारा कधी लावाव्यात यावर लिहिलं होतं, त्यात जाता जाता एक वाक्य होतं की एखादा दुधाचा दात वेळेवर पडला नाही तर आधी एक्स-रे काढून घ्या. त्या एका वाक्यावर एवढे मेसेज येतील असं वाटलं नव्हतं. सोबत ओपीजीचे (म्हणजे सगळे दात आणि जबडे एकत्र दाखवणाऱ्या एक्स-रेचे) फोटो, कुणी ट्यूबलाइटसमोर फिल्म धरून काढलेले, कुणी खिडकीच्या काचेला चिकटवून, एकात तर फिल्मच्या आरपार मागचं तुळशीवृंदावन पण दिसतंय. फोटोवरून मी कुणालाही उपचार सांगणार नाही, तोंडात बघितल्याशिवाय ते होत नाही, पण प्रश्न एकाहून एक चांगले आहेत म्हणून या महिन्याचं सदर त्यांनाच देऊन टाकते.

एक गोष्ट आधीच सांगते म्हणजे प्रत्येक उत्तरात परत नको. दुधाचे दात २०, त्यांच्या जागी येणारे पक्के दात पण २०च, उरलेल्या १२ दाढा मागं नव्या जागेत येतात. पक्का दात खालून सरकायला लागला की त्याच्या वरच्या दुधाच्या दाताचं मूळ हळूहळू विरघळत जातं, म्हणून तर पडलेल्या दाताला मूळ दिसतच नाही, नुसता वरचा भाग हातात येतो. आता हा दात पडलाच नाही तर याचा अर्थ बहुतेक वेळा तीनपैकी एक: खाली पक्का दात तयारच झालेला नाही, किंवा तयार झालाय पण वाट चुकून भलतीकडं गेलाय (कधी कधी मध्येच एखादा जादा दात आडवा आलेला असतो), नाहीतर दुधाचा दातच हाडाला चिकटून बसलाय. बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात. उपचार मात्र तिन्हीचे एकदम वेगळे, एकात दात लगेच काढायचा तर दुसऱ्यात तोच दात जिवापाड जपायचा. त्यामुळं "दुधाचा आहे ना, मग काढून टाका" आणि "दुखत नाही ना, मग राहू दे" ही दोन्ही वाक्यं एक्स-रे बघायच्या आधी कुणी म्हणालं तर ऐकू नका, मग ते डॉक्टर असोत की शेजारच्या काकू.

प्रश्न : मॅडम, माझी मुलगी आठवीत आहे, साडेतेरा वर्षांची. वरचा डाव्या बाजूचा दुधाचा सुळा अजून तसाच आहे, हलत पण नाही. उजवीकडचा पक्का सुळा येऊन वर्ष झालं. डॉक्टरांनी एक्स-रे काढला तर पक्का सुळा टाळूत आडवा झोपलाय म्हणाले, छोटं ऑपरेशन करून त्याला सोन्याची चेन लावायची आणि तारांनी ओढून आणायचा म्हणतात. सासूबाई म्हणतात येईल आपोआप, आमच्या वेळी कुणी केली होती असली ऑपरेशनं. थांबलं तर चालेल का? आणि चेन खरंच सोन्याची असते का?
– एक आई, सांगली

ताई, चेनचं आधी सांगून टाकते. बहुतेक वेळा सोन्याचा मुलामा दिलेली असते, बारीक कड्यांची, बोटाच्या पेरापेक्षा फार मोठी नाही, त्यामुळं सोन्याचा आजचा भाव बघून घाबरायचं कारण नाही. हिरडीखाली काही महिने राहायचं असतं म्हणून तोंडात गंजणार नाही असा धातू वापरतात, एवढंच.

आता मुद्द्याचं. थांबू नका.

वरचा सुळा हा सगळ्या दातांत लांबचा प्रवास करून येणारा दात आहे. तो तयार होतो पार वर, नाकाच्या बाजूला, आणि तिथून शेजारच्या पटाशीच्या दाताच्या मुळाला धरून धरून खाली येतो, साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी, मुलींच्यात जरा आधी. एवढ्या लांबच्या वाटेत तो भरकटायची शक्यता जास्त, आणि शंभरातल्या एक-दोन जणांच्यात तसं होतं. मुलींच्यात हे मुलांपेक्षा जवळपास दुप्पट दिसतं, आणि ज्यांचा सुळ्याशेजारचा पटाशीचा दात बारका असतो किंवा आलेलाच नसतो त्यांच्यात जास्त, कारण त्या दाताचं मूळच तर वाट दाखवणारं असतं. तुमच्या मुलीचा तो शेजारचा दात दुसऱ्या बाजूपेक्षा बारीक आहे का ते जरा बघा, बऱ्याचदा असतो. एका बाजूचा येऊन वर्ष झालं आणि दुसरा एक्स-रेत आडवा दिसतोय म्हटल्यावर तो आपोआप येईल ही आशा फार धरू नये.

तुमची धाकटी मुलगी असेल, किंवा हे वाचणाऱ्या कुणाची मुलं नऊ-दहा वर्षांची असतील, तर हे घरी करून बघा. स्वच्छ हात धुऊन वरच्या ओठाच्या आत, दुधाच्या सुळ्याच्या वर हिरडीवरून बोट फिरवा. दहाव्या वर्षापर्यंत तिथं दोन्ही बाजूंना हाडाखाली एक टणक उंचवटा लागायला पाहिजे, तो येणारा सुळा असतो. एका बाजूला लागतोय आणि दुसरीकडं सपाट आहे, किंवा दहा होऊन गेली तरी दोन्हीकडं काहीच नाही, तर डेंटिस्टकडं जा. कारण या वयात सापडलं तर उपाय खूप साधा असतो, नुसता दुधाचा सुळा काढून टाकायचा, की पक्क्याला वाट मिळते. स्वीडनमध्ये एरिक्सन आणि कुरोल या दोघांनी १९८८ साली हेच दाखवून दिलं, १० ते १३ वयाच्या मुलांचे टाळूकडं वळलेले ४६ सुळे त्यांनी पाहिले आणि फक्त दुधाचा सुळा काढल्यावर त्यातले ३६ सरळ वाटेवर आले. पण त्यात एक मेख आहे, सुळा शेजारच्या दाताच्या मुळावर अर्ध्यापेक्षा कमी सरकलेला असेल तर ९१ टक्के सुधारले आणि अर्ध्याच्या पुढं गेला असेल तर ६४. म्हणजे जितका आडवा तितकं अवघड. आणि वर जागा आधीच कमी असेल, दात गर्दीनं आलेले असतील, तर नुसता दात काढून भागत नाही, जागा पण करावी लागते. तुमच्या मुलीचा सुळा "झोपलाय" म्हणतात त्या अर्थी ती वेळ बहुतेक निघून गेलीय, तरी डॉक्टरांना हे विचारायला हरकत नाही.

थांबल्यानं काय बिघडतं? दुखत काहीच नाही, तोच तर घोटाळा आहे. आडवा सुळा शेजारच्या पटाशीच्या दाताच्या मुळावर टेकून बसला की त्या चांगल्या दाताचं मूळ तो खाऊन टाकू शकतो, अगदी गुपचूप, आणि दात हलायला लागेपर्यंत पत्ता लागत नाही. म्हणून तुमचे डॉक्टर सीबीसीटी नावाचा थ्री-डी स्कॅन सांगतील, तो करून घ्या, खर्च वाढवायला सांगत नाहीत. साध्या ओपीजीत सुळा मुळाच्या पुढं आहे की मागं आणि मूळ किती शाबूत आहे ते नीट समजत नाही, आणि ऑपरेशन करणाऱ्याला तर ते कळायलाच पाहिजे.

ऑपरेशन म्हणजे नक्की काय ते सांगते, कारण शब्द ऐकूनच निम्मी भीती बसते. आधी काही महिने तारा लावून त्या सुळ्यासाठी जागा करतात, कारण दुधाचा सुळा पक्क्यापेक्षा अरुंद असतो, त्याच्या जागेत पक्का मावत नाही. मग नेहमीसारखं इंजेक्शन देऊन जागा बधिर करतात, टाळूची हिरडी थोडी उचलतात, सुळ्यावरचं पातळ हाड बाजूला केलं की आत पांढरा चकचकीत दात दिसतो. तो भाग कोरडा करून त्यावर एक बटण चिकटवतात, त्याला ती चेन. हे कोरडं करणंच सगळ्यात नाजूक काम, रक्ताचा ओलावा राहिला तर बटण निघून येतं आणि परत सगळं करावं लागतं. टाके घालून चेनचं टोक बाहेर तारेला बांधून ठेवतात. पहिले दोन-तीन दिवस टाळू दुखतो, मऊ भात, पेज, आइस्क्रीम, आणि त्या दिवसांत चिवडा-चकली नको. मग आठवड्या-दोन आठवड्यांनी ओढायला सुरुवात, ओढ अगदी हलकी, ५०-६० ग्रॅमच्या आसपास, महिन्या-दीड महिन्यानं परत बघायचं. सुळा रांगेत यायला सहा महिने ते वर्ष, कधी जास्त, आणि तारांचा सगळा हिशोब दोन-अडीच वर्षांचा. दहावीच्या परीक्षेपर्यंत संपेल असं धरून चाला, उद्याच सुरू करायला पाहिजे असं नाही पण या सुट्टीत सुरू केलं तर बरं.

दुधाचा सुळा कधी काढायचा हे डॉक्टरांवर सोडा. पुष्कळ जण पक्का जवळ येईपर्यंत तो तसाच ठेवतात, म्हणजे हसताना खिंडार दिसत नाही, आठवीतल्या मुलीला ते फार लागतं.

आणि सासूबाईंना सांगा, त्यांच्या वेळी पण सुळे अडकायचेच, फक्त कुणी एक्स-रे काढत नव्हतं. साठीत सगळे दात काढून कवळी केली, आणि चार-पाच वर्षांनी कवळी एका जागी टोचायला लागली म्हणून बघितलं तर हिरडीतून सुळ्याचं टोक वर आलंय, असे आजी-आजोबा आमच्याकडं येत असतात.

प्रश्न : वय २६, आयटीत आहे. खालच्या उजव्या बाजूला दुधाची दुसरी दाढ आहे, खाली पक्का दात नाही असं ओपीजीत दिसलं. समोरचे दात वाकडे आहेत म्हणून ब्रेसेस लावायच्यात. तीन डॉक्टरांनी तीन सल्ले दिले: एक म्हणे दाढ काढून ती जागा बंद करू, दुसरा म्हणे दाढ ठेवून बाकीचे सरळ करू, तिसरा म्हणे काढून इम्प्लांट. यातलं खरं कोण बोलतंय?
– पुणे

तिघंही खरंच बोलत असतील, वैताग येतो हे ऐकून पण तसंच आहे.

अक्कलदाढा सोडल्या तर जन्मतःच नसणाऱ्या दातांत खालची दुसरी उपदाढ (उपदाढ म्हणजे सुळा आणि मोठ्या दाढा यांच्या मधली छोटी दाढ) अगदी वरच्या नंबरावर आहे, तिच्यासोबत वरचा दुसरा पटाशीचा दात. म्हणजे तुमच्यात काही विचित्र नाही, अशी २६ वर्षांची दुधाची दाढ घेऊन फिरणारे लोक तुमच्या ऑफिसात पण असतील, फक्त त्यांना माहीत नसेल. खालून ढकलणारं कुणी नसलं तर दुधाच्या दाढेचं मूळ फार सावकाश विरतं किंवा मध्येच थांबतं, आणि विशीपर्यंत जी दाढ मूळ शाबूत ठेवून नीट उभी राहिली ती पुढं बरीच वर्षं टिकते असा अनुभव आहे, अभ्यासही तेच सांगतात. चाळिशी-पन्नाशीतले पेशंट दिसतात अशा दाढेवर सुपारी फोडणारे (फोडू नये, पण फोडतात).

तर तुमच्या डॉक्टरांसोबत बसून एक्स-रेवर तीन-चार गोष्टी बघा. मुळं किती उरलीत. दाढ शेजारच्यांच्या बरोबरीच्या उंचीवर आहे की खाली गेलीय. कीड, मोठं फिलिंग, रूट कॅनाल झालेलं आहे का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे लोक विसरतात, ते म्हणजे बाकीच्या तोंडात गर्दी किती आहे आणि ओठ पुढं आलेत का.

कारण तुमचे दात एवढे गर्दीत असतील की नाहीतरी जागेसाठी चार उपदाढा काढाव्या लागणार आहेत, तर त्या बाजूची पक्की चांगली उपदाढ काढण्यापेक्षा ही दुधाची काढलेली काय वाईट? तिथं पहिला डॉक्टर बरोबर. तोटा एवढाच की दुधाची दुसरी दाढ साधारण १० मिलिमीटर रुंद असते आणि तिच्या जागी आली असती ती उपदाढ सात-साडेसात, म्हणजे बंद करायची फट मोठी, मागच्या मोठ्या दाढा पुढं आणायच्या, आणि खालचं हाड घट्ट असल्यामुळं ते काम रेंगाळतं, दोन वर्षांच्या पुढं सहज जातं. हाडात बारीक स्क्रू बसवून त्याच्या आधारानं ओढलं तर समोरचे दात मागं न पडता मागचे पुढं येतात, आता बहुतेक जण तसंच करतात. स्क्रूचं नाव ऐकून दचकू नका, दोन-तीन मिनिटांचं काम असतं आणि काढताना बहुतेक वेळा इंजेक्शन पण लागत नाही.

गर्दी थोडीच असेल, चेहऱ्याची ठेवण चांगली असेल, दाढ दणकट असेल, तर दुसरा डॉक्टर बरोबर. मग तीच रुंदीची अडचण उलटी येते, दाढ जास्त रुंद म्हणून वरच्या-खालच्या दातांचा चावा त्या बाजूला नीट जुळत नाही. त्यावर उपाय म्हणजे दाढेच्या दोन्ही बाजू थोड्या घासून तिला बारीक करणं, पण दुधाच्या दाढेची मुळं बाहेरच्या बाजूला फाकलेली असतात, वरून कितीही घासलं तरी खाली शेजाऱ्याच्या मुळाला अडतातच, म्हणून मिलिमीटर-दीड मिलिमीटर सुटलं तरी पुष्कळ. तिच्यावर ब्रॅकेट (तार अडकवायचं छोटं बटण) लावता येतं, फक्त जोर हलका ठेवायचा.

तिसऱ्या डॉक्टरांचं इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू घालून त्यावर बसवलेला नकली दात. दाढ खराबच असेल आणि जागा बंद करण्यासारखी नसेल तर जरूर, तुमचं वय झालंय, वाढ थांबलीय. पण धडधाकट दाढ उपटून तिथं स्क्रू घालायचा कशासाठी ते मला समजत नाही. ती दाढ निदान त्या जागेचं हाड तरी राखून बसलीय, काढली की हाड बारीक व्हायला लागतं, आणि नंतर इम्प्लांट करताना आधी हाड भरायचा खर्च. दहा-पंधरा वर्षांनी ती गेली तर तेव्हा इम्प्लांट करा की, तोवर तंत्र पण पुढं गेलेलं असेल.

एकच आग्रह धरीन. या दाढेचं काय करायचं ते पहिली तार लागायच्या आधी ठरलं पाहिजे, आणि कागदावर ठरलं पाहिजे. "लावू तर दे, मग बघू" असं म्हणून सुरू केलेल्या केसेस दीड वर्षानं माझ्याकडं येतात, तेव्हा धड जागा बंद नसते, धड उघडी नसते, आणि पेशंटला तारांचा कंटाळा आलेला असतो.

प्रश्न : नातू ७ वर्षांचा. खालचे समोरचे दोन दात दुधाच्या दातांच्या मागून उगवलेत, दोन रांगा झाल्यात. दुधाचे पडत नाहीत. सूनबाई घाबरलीय, यूट्यूबवर शार्क मासा वगैरे काहीतरी बघितलंय तिनं. लगेच तारा लागतील का?
– अकोला

आजोबा, नाही लागणार, आणि सूनबाईंना यूट्यूब बंद करायला सांगा. सहा-सात वर्षांच्या वयात हे इतकं कॉमन आहे की शाळेतल्या तपासणीत प्रत्येक वर्गात एखादं तरी पोर असं निघतं. दुधाचे दात हलत असतील तर त्याला जिभेनं आणि बोटानं हलवत राहू दे, सफरचंद, गाजर, पेरू चावून खाऊ दे. ते पडले की मागचे दात जिभेच्या दाबानं आपोआप पुढं सरकतात. दोन-तीन महिन्यांत पडले नाहीत किंवा अजिबात हलतच नाहीत तर डेंटिस्टकडं नेऊन काढून घ्या, मूळ बऱ्यापैकी विरलेलं असतं, पोराला फार कळत पण नाही. पडलेला दात छपरावर फेकून उंदीरमामाकडं नवा मागायचा असेल तर खुशाल मागा, हल्ली फ्लॅटमध्ये छप्पर कुठून आणायचं ते तुमचं तुम्ही बघा.

प्रश्न : मुलगा ११ वर्षांचा, खालची दुधाची दाढ बाकीच्यांपेक्षा खाली गेल्यासारखी दिसते. डॉक्टरांनी आरशाच्या दांड्यानं टकटक करून बघितली आणि हाडाला चिकटलीय म्हणाले. सहा महिन्यांनी या म्हणतात. वाट बघायची की काढायची?
– म्हापसा, गोवा

टकटक करून बघणारा डॉक्टर मिळाला हे चांगलं झालं, आवाजात फरक असतोच. साधा दात वाजवला तर आवाज जरा बोदा येतो कारण दात आणि हाड यांच्यामध्ये धाग्यांची एक मऊ गादी असते. चिकटलेल्या दाताची ती गादी एका ठिकाणी गेलेली असते, म्हणून आवाज खणखणीत, कपबशीवर चमचा वाजवल्यासारखा.

दाढ खाली "जात" नसते खरं तर, ती आहे तिथंच राहते आणि मूल वाढतं तसे शेजारचे दात हाडासकट वर येत राहतात, त्यामुळं ती बुडाल्यासारखी दिसते. मग शेजारचे तिच्यावर कलंडतात. याच कारणानं वाढत्या वयात इम्प्लांट घालत नाहीत, तो पण असाच मागं राहून बुडतो.

आता सगळं अवलंबून आहे खाली पक्की उपदाढ आहे की नाही यावर, आणि ते तुम्ही लिहिलेलंच नाही. असेल आणि सरळ वर येत असेल, तर अशा बहुतेक दाढा स्वतःच पडतात, इतरांपेक्षा साधारण सहा महिने उशिरा, तेव्हा "सहा महिन्यांनी या" हा सल्ला एकदम योग्य आहे. नसेल, तर मुलाची वाढ अजून बरीच बाकी आहे, दाढ आणखी बुडणार, तिथलं हाड खालीच राहणार, शेजारची मोठी दाढ झुकणार, मग मात्र ती वेळेत काढलेली बरी आणि ती जागा राखायची की बंद करायची ते ऑर्थोडॉन्टिस्टकडून, म्हणजे तारा लावणाऱ्या तज्ज्ञाकडून, ठरवून घ्यायचं. आणि कुणी त्या चिकटलेल्या दाढेला तार लावून वर ओढू म्हणालं तर नको म्हणा, ती हलणार नाही, उलट तिच्या दोन्ही बाजूचे चांगले दात तिच्याकडं ओढले जातील.

सहा महिन्यांनी जाताना आधीचा फोटो घेऊन जा, किती बुडाली ते तुलना केल्याशिवाय कळत नाही.

प्रश्न : दुधाचे दोन दात आहेत, वय ३१. पारदर्शक अलाइनर चालतील की ताराच लागतील?
– दुबई

चालू शकतात अलाइनर, म्हणजे तारांऐवजी दातांवर चढवायच्या प्लास्टिकच्या खोळी. दुधाचा दात बुटका आणि गोलसर असतो, प्लास्टिकला पकड कमी मिळते, म्हणून त्यावर फिलिंगच्या मटेरियलचे छोटे उंचवटे चिकटवावे लागतात आणि ते अधूनमधून सुटतात. दुधाचे दात जागेवरच ठेवून बाकीचे हलवायचे असतील तर अलाइनर ठीक. दुधाचा काढून १० मिलिमीटरची जागा बंद करायची असेल तर मी ताराच लावीन, अलाइनरमध्ये शेजारचे दात फटीत आडवे पडायची भीती जास्त. आणि घरबसल्या ठसा पाठवा, अलाइनर कुरियरनं येतील असल्या जाहिरातीच्या नादी तुमच्यासारख्या केसमध्ये तरी लागू नका, एक्स-रे न बघता दिलेला अलाइनर घेऊच नये.

प्रश्न : माझं वय २४, वरचे समोरच्या दोन मोठ्या दातांशेजारचे दोन्ही दात दुधाचेच आहेत, बारके दिसतात, मध्ये फटी पण आहेत. वडिलांचे आणि आत्याचे पण असेच होते. लग्न ठरलंय, डिसेंबरमध्ये आहे. तोपर्यंत तारा लावून सगळं होईल का? आणि शक्य तितक्या कमी खर्चात कुठं होईल?
– नाव छापू नये, जि. नाशिक

अभिनंदन! तारा लावून डिसेंबरपर्यंत होणार नाही, तसं कुणी आश्वासन देत असेल तर त्याच्याकडं जाऊ नका.

वडील, आत्या आणि तुम्ही, म्हणजे घराण्यातून आलेलं आहे, दात तयार होण्याची सूचना देणारी काही जीन्स असतात, पॅक्स ९ आणि एमएसएक्स १ ही त्यातली माहीत असलेली, त्यात फरक पडला की ठरावीक दात तयारच होत नाहीत. यात तब्येतीचा काही दोष नाही, सासरी सांगायला लाजायचं पण काही नाही. (ज्यांचे असे एक-दोन नाही तर सहा किंवा जास्त पक्के दात तयारच झालेले नाहीत, किंवा सगळेच दात फार उशिरा येतायत, त्यांनी मात्र एकदा फिजिशियनकडूनही तपासून घ्यावं, थायरॉइडपासून काही आनुवंशिक आजारांपर्यंत कारणं असू शकतात.)

लग्नासाठी असं करा. दुधाचा तो दात पाचेक मिलिमीटर रुंद, पक्का साडेसहाच्या आसपास, तेवढा फरक दाताच्याच रंगाचं कंपोझिट नावाचं फिलिंगचं मटेरियल चढवून भरून काढता येतो. एका बैठकीत दोन्ही दात होतात, दात कानसून बारीक करावा लागत नाही, फटी पण झाकल्या जातात आणि फोटोत कुणाच्या लक्षात येणार नाही. फक्त त्यानंतर नखं कुरतडणं, दातानं पाकीट फोडणं बंद. आणि घाईत ते दुधाचे दात काढून, शेजारच्या चांगल्या दातांना घासून कॅपांचा ब्रिज बसवू देऊ नका, तुमच्या वयात ते नुकसानीचं आहे, एकदा घासलेला दात परत येत नाही.

खरे उपचार लग्नानंतर निवांत. दोन रस्ते आहेत. दुधाचे काढून सुळे पुढं त्या जागी आणायचे आणि घासून, कंपोझिट लावून त्यांना पटाशीच्या दातासारखा आकार द्यायचा, यात आयुष्यभर कुठलाही नकली दात लागत नाही म्हणून मला हा जास्त आवडतो, पण तुमचा सुळा फार पिवळसर किंवा जाड असेल तर तो ओळखू येतो. नाहीतर तारांनी दोन्ही बाजूंना जागा नीट मोकळी करून तिथं इम्प्लांट किंवा मागून पंखासारखा चिकटवायचा ब्रिज. यातलं काय ते तुमचा चावा आणि हसताना हिरडी किती दिसते त्यावर ठरेल. बाळंतपणाचा विचार असेल तर तेही डॉक्टरांना आधी सांगून ठेवा, तेव्हा तारा चालतात पण हिरड्या सुजतात आणि एक्स-रे शक्यतो पुढं ढकलतात.

खर्चाचं म्हणाल तर सरकारी डेंटल कॉलेजला जा, तिथं एमडीएस (दातांच्या डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण) करणारे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली केस करतात, तारांचा तीन वर्षांचा स्वतंत्र कोर्स असतो तो, आणि खाजगीपेक्षा पैसे बरेच कमी लागतात. मुंबईत सीएसएमटीजवळचं सरकारी डेंटल कॉलेज आणि मुंबई सेंट्रलचं नायर डेंटल, शिवाय नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला पण आहे, गोव्याच्या वाचकांना बांबोळीचं. वेटिंग असतं, ब्रेसेससाठी नंबर लागायला वेळ जातो, म्हणून लग्नाच्या आधीच एकदा जाऊन नाव नोंदवून या. सकाळी लवकर पोचा, केसपेपरची रांग दहानंतर वाढते. ओपीजी काढलेला असेल तर फिल्म किंवा सीडी सोबत न्या, नुसता मोबाइलमधला फोटो नको, तो परत काढायला लावतात.